खरं असणं आणि खरं ठरणं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवत राहिले. तर्कशास्त्राच्या मास्तरांच्या नावानं एखाद्या गावानं व्याख्यानमाला चालवावी आणि तिला सभागृह भरावं, ही गोष्ट साधी नव्हे. मी विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, "खरं असणं आणि खरं ठरणं, म्हणजे कोर्टकचेरीविषयी आहे का?" मी म्हटलं, नाही, पण वकील मंडळी आली तर त्यांची करमणूक होईल. समोर दोन-तीन ओळखीचे चेहरे दिसताहेत, म्हणजे निरोप पोचलेला दिसतो.

आधी थोडं आवरून घेऊ. 'सत्य' म्हटलं की आपल्याकडे लगेच हरिश्चंद्र आठवतो, गांधीजी आठवतात, 'नेहमी खरे बोलावे' हा शाळेच्या भिंतीवरचा सुविचार आठवतो. आजचा विषय तो नाही. खरं बोलणारा माणूस आणि खरं वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि धर्मराजानं द्रोणाचार्यांना सांगितलं की अश्वत्थामा मेला. 'हत्ती' हा शब्द तो पुटपुटला. आता वाक्य तपासा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होताच. वाक्य खरं होतं. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. व्यासांनी शिक्षा दिली ती त्याच्या हेतूला. याच्या उलटही होतं. अत्यंत सचोटीचा माणूस पूर्ण विश्वासानं एखादी गोष्ट सांगतो आणि ती चूक निघते. त्याला आपण खोटारडा म्हणत नाही, पण त्याचं वाक्य खरं होतं असंही म्हणत नाही. तेव्हा माणसाचा खरेपणा बाजूला ठेवू. वाक्याचा, समजुतीचा, ज्ञानाचा खरेपणा घेऊ. एखादं वाक्य खरं असतं, तेव्हा त्यात नेमकं काय असतं, जे खोट्या वाक्यात नसतं?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक वाक्य धरू. या सभागृहात प्रत्येकाचं ज्याविषयी काही ना काही मत आहे असं वाक्य: शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवशी झाला.

घाबरू नका, मी वाद उकरून काढत नाही. पण या एका वाक्याचं चरित्र इतकं बोधप्रद आहे की सत्याच्या झाडून सगळ्या उपपत्ती त्यावर तपासून घेता येतात. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीनं वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी दिली होती. म्हणजे इसवी सन १६२७. शाळेच्या पुस्तकांतून, भाषणांतून, घराघरांतून तीच चालत आली. ही बखर महाराजांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली पुढे आली. शकावली म्हणजे तिथीवार नोंदी, त्यात ना पाल्हाळ ना अलंकार. हे जेधे म्हणजे महाराजांचे सरदार कान्होजी जेधे यांचं घराणं. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ही शकावली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे उजेडात आणली. तिच्यात जन्माची नोंद शके १५५१ची होती. पुढे कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ साली छापलं. हे काव्य महाराजांच्या हयातीतलं. त्यातही तीच तिथी. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात कुंडली सापडली, तीही त्याच दिवसाची. तरी वाद मिटला नाही. १९६६ साली सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली, समितीचं एकमत झालं नाही. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. त्यानंतर जयंती तारखेनं करायची की तिथीनं, हा नवा वाद सुरू झाला, पण तो आपल्या विषयाबाहेरचा.

आता मी विचारतो. हे वाक्य खरं कधी झालं? १९१६ साली? १९२७ साली? २००१ साली शासनाचा निर्णय निघाला तेव्हा? की शिवनेरीवर त्या दिवशी मूल रडलं तेव्हाच?

तुम्ही हसलात, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. ते मूल रडलं त्या क्षणी जे झालं ते झालं. पुढच्या तीनशे सत्तर वर्षांत जे घडलं ते त्या वाक्याचं खरं ठरणं. वाक्य खरं असणं निराळं, ते खरं ठरणं निराळं. माझं आज एवढंच म्हणणं आहे. पण हे एवढंसं म्हणणं धरून ठेवणं किती कठीण आहे, आणि भलेभले ते हातातून कसे निसटू देतात, ते पाहण्यासारखं आहे.

पहिली उपपत्ती सर्वांत जुनी. आहे त्याला आहे म्हणणं आणि नाही त्याला नाही म्हणणं म्हणजे खरं बोलणं, असा आशय ॲरिस्टॉटलनं मांडला. आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तो अधिक काटेकोर केला. वस्तूच्या ठायी जो धर्म खरोखर आहे, तोच धर्म त्या वस्तूचा म्हणून जाणवला तर तो अनुभव यथार्थ. चांदी पाहून चांदी वाटली तर प्रमा, शिंपला पाहून चांदी वाटली तर भ्रम. अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात 'तर्कसंग्रह' लिहिला तो मुलांना सहज कळावा म्हणून, आणि त्यात ही व्याख्या आहे. मुंबईहून १८९७ साली अथल्ये आणि बोडस यांनी त्याची टिपणांसह जी आवृत्ती काढली, तिच्यावर आमच्या आधीच्या कित्येक पिढ्या परीक्षेला बसल्या. मुलांसाठीचं पुस्तक समजायला एम. ए. व्हावं लागायचं, ती गोष्ट वेगळी.

ही अनुरूपतेची उपपत्ती. वाक्य जगाला अनुरूप असेल तर खरं. इतकी साधी की तिला उपपत्ती म्हणायचीसुद्धा लाज वाटावी. पण ती किती झेलू शकते बघा. त्याच दिवसाची गोष्ट. शिवनेरीवरचा जोशी लिहील फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सुरतेच्या वखारीतला इंग्रज जुनी ज्युलियन कालगणना वापरायचा, तो लिहील १९ फेब्रुवारी. आणि साल लिहील १६२९, कारण इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी ग्रेगोरियन पद्धत केव्हाच घेतली होती, तिथला पाद्री लिहील १ मार्च १६३०. तीन माणसं, तीन नोंदी, इसवी सनाचीही दोन वेगळी सालं. खोटं कोण बोलतो? कोणीच नाही. तिन्ही वाक्यांना खरं करणारा शुक्रवार एकच आहे. 'सत्य ज्याचं त्याचं असतं' असं म्हणणारे इथे फसतात. वेगळा असतो तो सांगण्याचा हिशेब. हिशेब जुळवून पाहिला की तिघंही एकाच दिवसावर येतात. आणि चौथा कोणी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणाला, तर कुठल्याही हिशेबानं तो त्या शुक्रवारी पोचत नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचणी दोन. पहिली, 'अनुरूप' म्हणजे कशाला अनुरूप? "या टेबलावर फुलदाणी आहे" हे फुलदाणीमुळे खरं. "या टेबलावर हत्ती नाही" हे कशामुळे खरं? हत्तीमुळे तर नव्हे, तो बिचारा इथे नाहीच. बर्ट्रांड रसेलनं हार्वर्डमध्ये व्याख्यान देताना सांगितलं की जगात नकारात्मक वस्तुस्थितीही असते. नंतर त्यानंच सांगितलंय, सभागृहात दंगल व्हायची बाकी होती. आपल्या वैशेषिकांना हार्वर्डला बोलावलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे, कारण त्यांनी तर 'अभाव' हा सरळ सातवा पदार्थ मानून टाकला. जमिनीवर घट नाही, म्हणजे जमिनीवर घटाचा अभाव आहे. त्यांना तो दिसतोसुद्धा! यावर हसणं सोपं आहे. पण रिकामं पाकीट उघडलेल्या माणसाला विचारा, पैशांचा अभाव प्रत्यक्ष दिसतो की नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. वाक्य जगाशी ताडून पाहायचं तर जग एका हातात आणि वाक्य दुसऱ्या हातात घेता यायला हवं. १६३० सालचा शुक्रवार हातात कसा घेणार? जेधे शकावली हातात घेता येते. शिवभारत घेता येतं. तो दिवस कोणालाच मिळत नाही. आणि हे फक्त इतिहासाचं नाही. समोरच्या फुलदाणीशीही माझा संबंध येतो तो माझ्या पाहण्यातूनच. मी एक पाहणं दुसऱ्या पाहण्याशी ताडतो.

इथून दुसरी उपपत्ती निघते. ती म्हणते, जगाशी ताडायची भाषा सोडा. समजुती समजुतींशी जुळतात का तेवढं पाहा. सगळ्या समजुती मिळून एक सुसंगत व्यवस्था होते, आणि त्या व्यवस्थेत बसणं हेच सत्य. ऑक्सफर्डच्या हॅरल्ड जोअकिमनं १९०६ साली हे मत ग्रंथरूपानं मांडलं. इतिहासकाराला ते लगेच पटेल, कारण तो दुसरं करतो काय? शकावली, काव्य, कुंडली तीन जागी तयार झाल्या, तीन हेतूंनी तयार झाल्या आणि एकमेकींशी जुळल्या. बखर एकटी पडली. खटला निकालात.

रसेलनं पुढच्याच वर्षी याला जे उत्तर दिलं ते मला फार आवडतं. विल्यम स्टब्स नावाचे एक बिशप होते. इंग्लंडच्या राज्यघटनेच्या इतिहासावर त्यांचा मोठा ग्रंथ आहे. अत्यंत सभ्य माणूस, १९०१ साली ऑक्सफर्डचे बिशप असतानाच वारले. रसेल म्हणाला, "बिशप स्टब्सना खुनाबद्दल फाशी दिलं" हे वाक्य घ्या. या वाक्याशी सुसंगत अशा समजुतींची एक अख्खी व्यवस्था मी रचून देतो. खून, साक्षीदार, खटला, निकाल, फाशीचा दोर, सगळं एकमेकांशी चोख जुळणारं. मग स्टब्स फासावर गेले का? आपल्या भाषेत सांगायचं तर चांगली कादंबरी पूर्ण सुसंगत असते. उलट खऱ्या आयुष्यात इतके धागे लोंबकळत असतात की कादंबरीत घातले तर संपादक कापून टाकील. जोअकिमच्या बाजूनं म्हणता येतं की तो कुठल्याही व्यवस्थेविषयी बोलत नव्हता, सर्व अनुभव पोटात घेणाऱ्या एकमेव पूर्ण व्यवस्थेविषयी बोलत होता. ठीक आहे. पण 'अनुभव पोटात घेणारी' म्हटलं की ज्या जगाला पुढच्या दारानं घालवलं ते मागच्या दारानं घरात आलंच की!

म्हणून मी म्हणतो, कागद जुळले म्हणून आपल्याला तिथी कळली. कागद जुळले म्हणून महाराज त्या दिवशी जन्मले नाहीत.

तिसरी उपपत्ती अमेरिकेची, आणि ती अशाच एका व्याख्यानमालेत जगापुढे आली. विल्यम जेम्सनं १९०६च्या अखेरीस बोस्टनमध्ये सामान्य श्रोत्यांसमोर व्याख्यानं दिली, पुढच्या वर्षी ती छापली. जेम्सचं म्हणणं असं की सत्य हा समजुतीच्या अंगी आधीपासून असलेला गुण नव्हे. समजूत अनुभवात उतरते, तिच्या आधारानं चालून माणूस नीट पोचतो, आणि असं होता होता ती खरी होत जाते. म्हणजे जे चालतं ते खरं. जेम्स इतका गोड लिहितो की वाचताना हे पटतं आणि पुस्तक मिटल्यावर शंका यायला लागते. रसेलनं तिकडूनही त्याला गाठलंच. म्हणाला, या हिशेबानं सांताक्लॉज आहे हे खरं मानावं लागेल, कारण त्या समजुतीनं मुलांचं उत्तम चालतं. जेम्सचा मित्र चार्ल्स पर्स तर या सगळ्यावर इतका वैतागला की त्यानं आपल्या मताला मुद्दाम एक बेढब नवं नाव दिलं, ते नाव पळवावंसं कोणाला वाटणार नाही म्हणून. पर्सचं मत जास्त सावध. सगळे शोधक प्रामाणिकपणे शोध घेत राहिले तर शेवटी ज्या मतावर येऊन थांबतील, ते सत्य. पण पुन्हा तोच प्रश्न. शकावलीला वाळवी लागली असती, शिवभारताच्या पोथ्या जळल्या असत्या, कुंडली हरवली असती, तर सगळे शोधक शेवटपर्यंत १५४९वरच थांबले असते. महाराजांचा जन्मदिवस त्यामुळे बदलला असता?

आता आपल्याकडे काय झालं ते बघा. पक्षिलस्वामी वात्स्यायन न्यायभाष्याच्या अगदी सुरुवातीलाच सांगतात की प्रमाणानं वस्तू कळली आणि माणूस कामाला लागला तर त्याची प्रवृत्ती सफळ होते. लांबून पाणी दिसलं, तहानलेला माणूस चालत गेला, प्याला, तहान भागली. पाणी होतं. मृगजळ असतं तर भागली नसती. ऐकायला थेट जेम्स वाटतो की नाही? पण नैयायिक एक पाऊल अलीकडे थांबतात. तहान भागली यावरून आधीचं ज्ञान खरं होतं हे कळलं. ज्ञान खरं होतं ते मात्र तिथे पाणी होतं म्हणून. प्रवृत्तीचं साफल्य ही परीक्षा, यथार्थता हे लक्षण. तहान भागायच्या आधीही ज्ञान खरंच होतं, फक्त ते खरं असल्याचं कळायचं शिल्लक होतं. सोन्याला कसोटीच्या दगडावर घासतात, पण दगडावरच्या रेघेला कोणी सोनं म्हणत नाही.

हे एक पाऊल अलीकडे थांबणं, हा मला भारतीय ज्ञानमीमांसेतला सर्वांत मोलाचा विवेक वाटतो. त्यांनी दोन प्रश्नांचे दोन खटले वेगळे चालवले. प्रामाण्य, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, उत्पन्न कशानं होतं हा एक, आणि प्रामाण्य कळतं कशानं हा दुसरा. शंकराचार्यांची ती गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मंडनमिश्रांचं घर कुठलं असं विचारल्यावर सांगितलं जातं, ज्या घराच्या दारातले पिंजऱ्यातले पोपट 'प्रामाण्य स्वतः की परतः' असा वाद घालताना दिसतील ते त्यांचं. ही दंतकथा. पण पोपटांनाही पाठ व्हावा इतका तो वाद घरोघर चालला होता, एवढं तिच्यावरून घ्यायला हरकत नाही.

वाद काय होता? कुमारिलभट्टांचा मीमांसक म्हणतो, ज्ञान झालं की ते खरं म्हणूनच होतं. खरेपणा बाहेरून चिकटवावा लागत नाही. खोटेपणा मात्र बाहेरून कळतो. पुढे बाध आला, म्हणजे आधीचं ज्ञान खोडून काढणारं ज्ञान झालं, किंवा सांगणाऱ्यात दोष सापडला, की मग. नैयायिक म्हणतो, तसं नाही. ज्ञान झालं तेव्हा ते खरं की खोटं हे अजून कळलेलं नसतं, पुढच्या पडताळ्यानं कळतं. मीमांसक विचारतो, मग त्या पडताळ्याचा पडताळा? आणि त्याचा? अनवस्था! तहान भागली हे ज्ञान कशावरून खरं? स्वप्नातही तहान भागते. यावर उदयनाचार्यांचं उत्तर व्यवहारी आहे. शंका घ्यायलाही मर्यादा असते, आणि ती मर्यादा माणसाच्या वागण्यानंच ठरते. धूर हवा म्हणून जो रोज विस्तव पेटवतो, त्यानं धूर विस्तवामुळे होतो की नाही याबद्दल शंका काढू नये. त्याचं वागणंच त्याच्या शंकेला खोडून काढतं.

हा वाद संपलाय असं समजू नका. तुमच्या फोनवर सकाळी सातला जो मजकूर येतो, 'आलाय तसा पुढे पाठवत आहे' या शेऱ्यासह, तो पाठवणारे काका पक्के मीमांसक असतात. आलं म्हणजे खरं. बाध येईल तेव्हा बघू. आणि त्यांच्यावर चिडणारा त्यांचा पुतण्या नैयायिक, आधी पडताळा मागणारा. गंमत बाजूला ठेवली तर मला दोघांचंही थोडंथोडं पटतं. मीमांसकांचं वर्णन बरोबर आहे, माणूस खरोखर असाच वागतो, आधी विश्वास ठेवतो, त्याशिवाय भाषा शिकताच येणार नाही. मात्र कुमारिलांनी हा सिद्धांत वेदांच्या प्रामाण्यासाठी रचला होता. ज्याला कर्ता नाही त्यात कर्त्याचे दोष कुठून येणार? काकांच्या मजकुरालाही कर्ता सापडत नाही, पण तो अपौरुषेय आहे म्हणून नव्हे!

अद्वैत्यांनी बाधावरूनच सत्याची व्याख्या केली. ज्याचा बाध होत नाही ते सत्य. दोरीच्या ज्ञानानं सापाचा बाध होतो, ब्रह्मज्ञानानं दोरीचाही होतो. मला ही भूमिका तिच्या जागी भव्य वाटते. पण आपल्या तिथीला ती उपयोगी पडत नाही, कारण ब्रह्मज्ञानानं १५४९ आणि १५५१ दोन्ही सारखेच बाधित. जैनांच्या स्याद्वादाविषयी एकच वाक्य बोलतो, कारण हल्ली त्याचे फार हाल होतात. 'प्रत्येक जण आपापल्या परीनं बरोबर' असं स्याद्वाद म्हणत नाही. कोणत्या अपेक्षेनं बोलतोस ते सांग, असं तो म्हणतो, आणि सांगितल्यावर वाक्य खोटंही ठरू शकतं.

विसाव्या शतकात आणखी एक वळण आलं, ते मी भरभर सांगतो. फ्रँक रॅम्सी नावाचा केंब्रिजचा एक विलक्षण मुलगा, सव्विसाव्या वर्षी गेला. १९२७ साली तो म्हणाला, "सीझरचा खून झाला हे खरं आहे" म्हणणं आणि "सीझरचा खून झाला" म्हणणं यात फरक काय? 'खरं आहे' यानं भर कसली पडली? कसलीच नाही. मग सत्याचा वेगळा प्रश्न नाहीच, नुसता भाषेचा गुंता आहे. हे मत अजून जोरात आहे. मला ते फार लवकर हात झटकणारं वाटतं. "गुरुजींनी शिकवलेलं सगळं खरं होतं" हे वाक्य घ्या. यातून 'खरं' काढून टाका आणि तेच म्हणून दाखवा. गुरुजींची चाळीस वर्षांची सगळी वाक्यं एकेक करून म्हणत बसावं लागेल.

आल्फ्रेड टार्स्की हा वॉर्साचा तर्कशास्त्रज्ञ. १९३३ साली त्यानं पोलिश भाषेत एक ग्रंथ लिहिला आणि सत्याची गणिती व्याख्या दिली. १९३९च्या ऑगस्टमध्ये एका परिषदेसाठी तो अमेरिकेला गेला, महिन्याभरात त्याच्या देशावर युद्ध कोसळलं, तो तिकडेच राहिला. त्याची बायकामुलं वाचली, आईवडील वाचले नाहीत. टार्स्कीला सर्वांत जास्त छळलं ते "मी आत्ता खोटं बोलतोय" या जुन्या कोड्यानं. खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. त्याचं उत्तर असं की एखाद्या भाषेतल्या वाक्यांचा खरेखोटेपणा त्याच भाषेत सांगायचा नाही, त्यासाठी वरची वेगळी भाषा घ्यायची. 'वाक्यपदीया'त भर्तृहरींपुढेही हेच कोडं होतं. ते म्हणतात, "मी बोलतो ते सगळं खोटं" असं कोणी म्हणतो तेव्हा हे वाक्य स्वतः त्या 'सगळ्या'त धरायचंच नसतं, नाहीतर त्याला जे सांगायचंय तेच पोचणार नाही. यावरून 'टार्स्की आमच्याकडे आधीच होता' असं म्हणायला उठू नका. भर्तृहरी माणसं कशी बोलतात ते सांगत होते, टार्स्की गणितासाठी भाषा बांधत होता.

आता तुम्ही म्हणाल, असणं आणि ठरणं वेगळं ठेवा, ठेवलं, पुढे काय? एवढी फोड करून मिळालं काय?

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्या वेळी काय परिस्थिती होती? कोण श्रेष्ठ, कोण नीच, कोणी शिकावं, कोणी शिकू नये, याविषयीच्या समजुती एकमेकींशी घट्ट जुळलेल्या होत्या. सुसंगत व्यवस्था होती. त्या समजुतींवर शेकडो वर्षं सगळा व्यवहार चालत होता, म्हणजे 'चालतं ते खरं' याही कसोटीला त्या उतरत होत्या. ज्यांचं मत विचारायची पद्धत होती त्या शहाण्यासुरत्यांचं एकमतही होतं. ठरण्याच्या सगळ्या कसोट्या त्यांच्या बाजूच्या. अशा वेळी एक माणूस उभा राहतो आणि म्हणतो, तुम्ही सगळे मिळून म्हणता, आणि तुम्ही सगळे मिळून चुकता आहात. हे वाक्य अर्थपूर्ण व्हायचं असेल तर सत्य हे एकमतापलीकडे, उपयोगापलीकडे, व्यवस्थेपलीकडे असावं लागतं. सत्य म्हणजेच एकमत असतं, तर फुल्यांचं वाक्य चूकच नव्हे, अर्थहीन ठरलं असतं. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं की सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्या पैशानं शिकतात ते वरच्या वर्गातले लोक. हे कोणाला सोयीचं होतं? कोणाच्या व्यवस्थेत बसत होतं? ते फक्त तसं होतं. सत्तेजवळ बसणाऱ्याला अनुरूपतेची उपपत्ती भाबडी वाटायला हरकत नाही, त्याचं तिच्यावाचून अडत नाही. ज्याच्या बाजूला दुसरं काहीच नाही, त्याला तिच्याशिवाय चालत नाही.

इथे थांबलो असतो तर टाळ्या बऱ्या पडल्या असत्या. पण तर्कशास्त्राच्या मास्तरांच्या नावाची व्याख्यानमाला आहे, आणि माझ्या म्हणण्यातली फट मलाच दिसते आहे. ती झाकून ठेवणं बरं नव्हे.

१९८३ साली पुण्यात एक अपूर्व प्रयोग झाला. प्रा. मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक आणि संस्कृतातून न्याय शिकलेले पंडित समोरासमोर बसवले. विषय रसेलचा. रसेल म्हणतो, खरं किंवा खोटं असतं ते विधान, म्हणजे वाक्यातून सांगितला जाणारा आशय. तो मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा, कोणी न सांगितला तरी तो आहेच. पंडितांपुढे हे मांडायचं म्हणजे आधी मोठीच अडचण, कारण न्यायात अशी वस्तूच नाही. तिथे खरं किंवा खोटं असतं ते ज्ञान. कोणाला तरी, कधीतरी झालेलं.

माझी अडचण ध्यानात आली ना? मी तासभर तुम्हाला सांगतो आहे की सगळे कागद जळले असते, कोणालाही काही आठवत नसतं, तरी महाराज त्या शुक्रवारीच जन्मले हे खरंच राहिलं असतं. आणि हे सांगताना मी न्यायाचा आधार घेतो आहे. पण न्यायाच्या हिशेबानं खरेपणा ज्ञानाच्या अंगी असतो. कोणालाच ज्ञान नसेल, तर खरं काय आहे? घटना झाली, कबूल. पण 'खरं' हे विशेषण लावायला मागे उरलं काय?

नैयायिकाला अडचण नाही. त्याच्याकडे ईश्वर आहे, आणि ईश्वराचं ज्ञान नित्य आणि सर्वविषयक आहे. वाळवी शकावलीला लागेल, ईश्वराच्या ज्ञानाला लागणार नाही. ज्याला ईश्वर मानायचा नाही, आणि मी त्यांतला एक, त्याला रसेलची विधानं मानावी लागतात. कोणी उच्चारली नाहीत, कोणाला सुचली नाहीत, तरी कुठेतरी असणारी, न जन्मलेली, न मरणारी, संख्येनं अनंत. आता तुम्हीच सांगा, एक ईश्वर मानणं जड, की अशी अनंत विधानं? रसेल स्वतः पुढे या विधानांना कंटाळला आणि त्यानं ती टाकून दिली. मी अजून टाकलेली नाहीत, पण ती घरात ठेवून मला बरं वाटतं असंही नाही. तिसरी वाट एक आहे. कळलेलं नसलं तरी कळण्याजोगं आहे, एवढ्यावर भागवायचं. नैयायिक सगळंच ज्ञेय मानतात, तेव्हा ही वाट त्यांच्या अंगणातूनच जाते. पण ज्याचा एकही पुरावा उरलेला नाही ते 'कळण्याजोगं' कोणत्या अर्थानं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. अध्यक्ष महाराज न्याय परंपरेतून शिकलेले आहेत. समारोपात त्यांनी याच मुद्द्यावर मला धरावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.